पडद्याजवळचं स्टूल

सोनकांबळे डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन स्टुलं होती. एक त्यांच्या टेबलाशी, पेशंटसाठी. दुसरं बाहेर जायच्या पडद्याला अगदी खेटून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल असं. नवीन माणूस हमखास त्याला अडखळायचा. कुणी ते उचलून भिंतीकडे सरकवलं, तर डॉक्टरबाई हातातलं काम टाकून उठायच्या आणि होतं तिथे पुन्हा आणून ठेवायच्या.

ते स्टूल बरोबर आलेल्या बाईसाठी होतं. पोराचा कान, सासऱ्यांचा दमा, नवऱ्याचा ताप, जे काय असेल ते टेबलापाशी व्हायचं. औषधाची बाटली हातात पडली, बाई पोराला कडेवर घेऊन पडद्याला हात घालणार, तेवढ्यात मागून आवाज यायचा, "सगळ्यांचं झालं? आता तू बस."

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते मेधाच्या कानदुखीच्या वेळी. मेधा तीन वर्षांची होती. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मला काही नाही."

"बस की. काही नसलं तर तेच लिहू."

आणि त्यांनी खरंच लिहिलं. खोक्यातून कोरं कार्ड काढलं, माझं नाव विचारलं, तारीख घातली आणि माझ्यादेखत पहिली ओळ लिहिली : 'काही नाही, म्हणते.' मग माझी नखं पाहिली, डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली, आणि त्याच ओळीत पुढे जोडलं : 'नखं पांढरी. स्टेशनचा पूल चढताना धाप?' प्रश्नचिन्हापाशी पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. धाप लागत होती. दोन वर्षं लागत होती. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही परळच्या चाळीतून चारकोपला नुकतेच आलो होतो. गिरण्यांचा संप होऊन चार-पाच वर्षं झाली होती. सासरे गिरणी सुटल्यावर मालवणकडे गावी गेले आणि तिकडेच रमले. इथे मी, माझा नवरा, मेधा आणि सासूबाई. चारकोपला तेव्हा घरांपेक्षा घरांच्या खुणाच जास्त होत्या. प्लॉटवर न्हाणीघर, संडास आणि एक भिंत एवढं बांधून मिळायचं. उरलेलं घर ज्याचं त्याने जमेल तसं उभं करायचं. सेक्टरांना नंबर होते, रस्त्यांना नावं नव्हती. बसस्टॉपजवळ दोन डॉक्टर होते, दोघेही पुरुष. दोघेही गेल्या गेल्या इंजेक्शन द्यायचे, म्हणून दोघांकडेही गर्दी.

परळला आमचे फॅमिली डॉक्टर होते, वयस्कर आणि सज्जन. त्यांच्याकडे आमच्या घराची एक फाइल होती, सासऱ्यांच्या नावाची. लग्न होऊन आल्यावर मी त्या फाइलीत गेले. मला काही झालं की बरोबर नवरा यायचा आणि डॉक्टर माझी नाडी धरून त्याला विचारायचे, "काय होतंय हिला?" तो प्रामाणिकपणे सांगायचा, "डोकं दुखतंय म्हणते." मग औषध. यात कुणाची काही चूक आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. मी बोरिवलीच्या एका ऑफिसात आवक-जावक सांभाळायचे, शेकडो कागदांचा माग मला तोंडपाठ असायचा. माझ्या स्वतःच्या दुखण्याचा कागद कुठेच नाही हे मात्र कधी लक्षात आलं नाही.

सोनकांबळे डॉक्टर आमच्याच सेक्टरमध्ये, तीन गल्ल्या सोडून, एका घराच्या पुढच्या खोलीत बसत. पस्तिशीच्या असतील. उंच, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, पायात सपाट चपला. उदगीरजवळच्या एका खेड्यातल्या. बोलणं तिकडचं, आणि मुंबईत इतकी वर्षं काढूनही त्यांनी ते बदललं नव्हतं. कंपाउंडर नव्हता. मिक्श्चर स्वतः करायच्या, बाटलीला डोसाची पट्टी स्वतः कातरून चिकटवायच्या, आणि ती बहुतेक वेळा वाकडी लागायची. चहा मागवायच्या आणि विसरायच्या; दुपारी टेबलावर साय धरलेले तीन-तीन पेले असत. तिरसटही होत्या. कुणी "एक सुई मारून द्या" म्हणालं की म्हणायच्या, "सुई पाहिजे तर शिंप्याकडं जा."

पण मला आठवतात त्या त्यांच्या कार्डांसाठी. बुटांच्या सहा खोक्यांत त्यांनी कार्डं लावली होती, आणि ती सगळी बायकांच्या नावाने. आडनाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. बाईने स्वतःचं म्हणून जे नाव सांगितलं असेल ते. पोरांचे, नवऱ्यांचे, सासू-सासऱ्यांचे कागद त्या कार्डाला टाचणीने लावलेले. घराचं दुखणंखुपणं जी बघते तिच्या नावाने घराचे कागद, असा त्यांचा हिशेब होता. तो मला एकदम पटला. मीही असाच लावला असता.

पुरुषांना तो पचायला वेळ लागला. आमच्या शेजारचे राणेभावजी बसमध्ये कंडक्टर होते. एकदा ताप घेऊन आले. मी मेधाला घेऊन बाकावर बसलेले.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "बायकोचं नाव?"

"आजारी मी आहे."

"ते दिसायलंय. कार्ड तिच्या नावानं हाय. नाव सांगा."

"सरिता."

डॉक्टरबाईंनी 'स'चं खोकं चाळलं. पुन्हा चाळलं. "सरिता नाही. दुसरं काय नाव आहे का?"

"दुसरं कशाला असेल? बारा वर्षं संसार करतोय मी."

"मग घरी जाऊन विचारून या."

भावजी शंभर ताप अंगात घेऊन घरी गेले आणि दहा मिनिटांनी पडेल चेहऱ्याने परत आले. "विजया," ते म्हणाले. "माहेरचं आहे. मला काय माहीत हिने इथे ते दिलंय." कार्ड लगेच सापडलं. पुढे कितीतरी दिवस ते बायकोला गमतीने "काय विजयाबाई" म्हणायचे, आणि राणेवहिनी लाजून "गप बसा हो" म्हणायच्या. पण त्यांना ते आवडायचं हे भिंतीपलीकडून मलाही कळायचं.

मला याद्या करायची सवय तेव्हाही होती. डॉक्टरबाईंकडे जाताना मी कागदावर मुद्दे लिहून न्यायचे, पाळीच्या तारखांची खूण केलेलं कॅलेंडरचं पान न्यायचे. बाकीचे डॉक्टर अशा कागदाला हसतात. त्या हात पुढे करायच्या. "यादी आणलीस? दे इकडं. तू लई काम हलकं करतीस माझं. बाकीच्या बाया टेबलाशी बसून सर्दीचं सांगतात, आणि खरं दुखणं पडद्याला हात लावल्यावर तोंडातून निघतं. म्हणून तर स्टूल तिथं ठेवलंय." दुखणं लांबवणाऱ्या बाईला त्या एकच वाक्य ऐकवायच्या, "दुखणं म्हणजे लोणचं नाही, मुरायला ठेवायला." ऐकून बायका हसायच्या आणि हसता हसता सांगून टाकायच्या.

दोन वर्षांत माझं कार्ड दोन्ही बाजूंनी भरलं. दुसरं जोडलं गेलं. माझं रक्त वाढलं, पूल चढताना थांबावं लागेना. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नव्हतं. मी पडदा सारून आत गेले की त्या "गुडघा काय म्हणतो?" विचारायच्या, म्हणजे डावा, जो मेधाच्या वेळेपासून दुखत होता, तोच.

सासूबाई मात्र त्या स्टुलावर कधी बसल्या नाहीत. डॉक्टरांचं आडनाव कळलं त्या दिवशी त्या गप्प झाल्या होत्या, आणि त्या गप्पपणाचा अर्थ आमच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. मी ऑफिसला असले की मेधाला त्याच घेऊन जायच्या, पण स्वतः उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहायच्या. डॉक्टरबाईंनाही तो अर्थ कळत होता.

"मावशी, बसा की."

"माका काय्येक नाय."

"उभ्यानं बरं वाटत असलं तर उभ्या राहा. स्टूल कुठं जात नाही."

तिसऱ्या वर्षी घरातल्या जुन्या लुगड्यांचं बोचकं कमी होऊ लागलं. पुसायला, पिशव्या शिवायला म्हणून ठेवलेले तुकडे कुठे किती आहेत हे मला माहीत असायचं. एक दिवस मी सासूबाईंना सहज विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या अंगावरसून जाता."

पाळी जाऊन त्यांना सात-आठ वर्षं झाली होती. मी खालीच बसले. "कधीपासून?"

"झाले दोन-तीन म्हयने. मधी मधी."

"आई, डॉक्टरबाईंकडे जाऊया."

"मी कोणाक दाखवूचंय नाय." मग थोड्या वेळाने, "तू जातलंस मा? तिका सांग, तुझाच आसा म्हणान. औषध घेवन ये. वय कोण इचारता." आणि मेधाच्या डोक्यावर माझा हात ठेवून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की त्यांचं नाव घेणार नाही.

आज मला त्या वागण्याचं आश्चर्य वाटतं, पण तेव्हा ती रीतच होती. बाईचं दुखणं दुसरीच्या नावावर खपवून औषध आणायचं, हे आमच्या चाळीतही चालायचं. सुनेच्या नावाने सासूला, लग्न झालेलीच्या नावाने न झालेलीला. बाटल्या यायच्या, संपायच्या, आणि आत काय आहे ते तसंच राहायचं.

मी गेले. टेबलापाशी बसून, घरून पाठ करून आणल्यासारखं सांगितलं, "मधे मधे अंगावरून जातंय. दोन-तीन महिने. कंबर भरून येते."

डॉक्टरबाईंनी माझं कार्ड काढलं. पहिली बाजू वाचली, दुसरी वाचली, जोडलेलं दुसरं कार्ड वाचलं. मग ते उलटं करून टेबलावर ठेवलं.

"शुभांगी, हे तुझं नाही."

मी म्हणाले, "माझंच आहे."

"अठ्ठावीस दिवस. तीन वर्षं बघतेय मी. आणि दुसरं सांगू? तुझ्यासारखी बाई 'मधे मधे' म्हणत नाही. तू तारीख सांगतीस. यादी कुठाय तुझी?"

यादी नव्हती. माझ्या हातात नुसती पिशवी होती.

"कुणाचं हाय?"

मी खाली बघत राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. म्हणाल्या, "बरं. शपथ घातली असेल. नाव राहू दे. वय?"

"पंचावन्न असेल."

"पाळी जाऊन?"

"सात-आठ वर्षं."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मी त्यांना हे काम करताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं पेन नेहमी उघडं असायचं. "बाटली देत नाही मी. दिली तर ती बाई बाटली संपायची वाट बघत बसेल. साधं असू शकतं. पण साधं नसेल, तर आज कळलेलं आणि चार महिन्यांनी कळलेलं यात तिचा जीव हाय." खोक्यातून त्यांनी एक कोरं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "हे तिला दे. नाव घालायचं की नाही, काय घालायचं, ते ती ठरवेल. दुपारी एक ते दोन दवाखाना बंद असतो. मागचं दार उघडं ठेवते. कुणी बघणार नाही. पण ह्याच आठवड्यात."

मी रिकाम्या हाताने घरी आले. सासूबाई दारातच होत्या.

"औषध खंय?"

"दिलं नाही. त्यांना कळलं माझं नाही ते."

"तू सांगलंस."

"नाही, आई. त्यांनी माझं कार्ड वाचलं."

"कार्डावर असा काय लिवलेला आसा?"

"सगळं. मेधाच्या वेळी काय झालं, पाळी कधी येते, कुठला गुडघा दुखतो, कधी मला रडू आलं तेसुद्धा."

त्या विचारात पडल्या. "आणि माझ्या?"

मी कोरं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. "तसाच रवांदे," म्हणाल्या आणि चहाच्या डब्यामागे ठेवून दिलं.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांना काय काय सांगता येईल ते ऑफिसात कागदावर लिहून काढलं, अकरा मुद्दे झाले, आणि घरी येऊन त्यांतला एकही माझ्या तोंडून निघाला नाही. नवऱ्याला सांगावं तर वचन आड येत होतं. मी रोज संध्याकाळी आल्या आल्या चहा टाकायच्या निमित्ताने डबा सरकवून बघायचे. सोमवारी कार्ड होतं. मंगळवारी होतं. बुधवारी होतं. डॉक्टरबाई रस्त्यात भेटल्या तेव्हा त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या, आणि मी मान हलवली. गुरुवारी डबा सरकवला तर मागे काही नव्हतं. फाडून टाकलं की काय, या विचाराने मी केरसुद्धा चाळला.

शुक्रवारी मी घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. केसांना तेल लावून चोपून अंबाडा घातलेला, अंगावर लग्नाकार्यातलं जांभळं लुगडं. मेधा राणेवहिनींकडे खेळत होती.

"येत्या गुरुवारी तुका रजा घेवक व्हयी," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"मोठ्या हॉस्पिटलात जावचा आसा. डाक्टरीण येताहा वांगडा."

एवढंच. तिथे काय बोलणं झालं, त्या कुठे बसल्या, कार्डावर काय लिहिलं गेलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुझ्या कार्डावरचं मी त्यांना सांगते का?"

त्या गुरुवारी डॉक्टरबाईंनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि आमच्याबरोबर बसने, मग गाडीने, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आल्या. चिठ्ठी लिहून दिली असती तरी चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, "चिठ्ठी दिली की बाई गेटपर्यंत जाते आणि गर्दी बघून परत येते. मी बघितलंय." तपासणीच्या खोलीत सासूबाईंनी माझा हात सोडला आणि त्यांचा धरला. गर्भाशयाचा कॅन्सरच निघाला, पण सुरुवात होती. ऑपरेशन झालं. मोठे डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "वेळेत आणलंत." तो माझ्याकडे बघत राहिला. हॉस्पिटलात जायच्या दिवसापर्यंत त्याला काहीच माहीत नव्हतं.

दोन महिन्यांनी सासूबाई स्वतः केलेले घावणे डब्यात घालून दवाखान्यात गेल्या. मी बरोबर होते. डबा टेबलावर ठेवून त्या मागे आल्या आणि पडद्याजवळच्या स्टुलावर बसल्या. डॉक्टरबाईंनी एक घावणा काढून मोडला आणि अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. सासूबाईंनी तो खाल्ला. नंतर डॉक्टरबाईंनी पेन उघडलं आणि विचारलं, "हं, झोप लागायलीय का?"

मला वाटलं होतं आता हे असंच चालेल. मेधा मोठी होईल, तिचं स्वतःचं कार्ड होईल, माझ्या अलीकडच्या खोक्यात कुठेतरी लागेल. असा विचार मी खरोखर केला होता, 'म'चं खोकं किती भरलंय तेही पाहून ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी डॉक्टरबाईंच्या आईचं एक अंग लुळं पडल्याचा निरोप गावाहून आला. त्या एकुलत्या. पंधरा दिवस जाऊन आल्या आणि आल्यावर सांगितलं, की दवाखाना बंद करतेय. आम्ही सात-आठ जणी त्यांच्याकडे गेलो. राणेवहिनी सगळ्यांत पुढे.

"आईला इकडे आणा ना. आम्ही बघू. पाळ्या लावू, ही शुभा यादी करेल."

"ती येत नाही. तिचं घर तिथं हाय."

"मग आम्ही कुणाकडे जायचं?"

"बसस्टॉपवर दोघं आहेत."

"त्यांच्याकडे?" राणेवहिनी म्हणाल्या. "त्यांना काय सांगायचं? माझं नाव तरी माहीत आहे का त्यांना?"

डॉक्टरबाई टेबलावरचे चहाचे पेले गोळा करत होत्या. "चार डॉक्टरणींना विचारलं मी, इथं बसता का म्हणून. चारकोप म्हणलं की म्हणतात, ते कुठं आलं." मग थांबून म्हणाल्या, "आमच्या गावातल्या बायांना डॉक्टरणीकडं जायचं तर सकाळची एक एसटी हाय. ती चुकली की पुढचा दिवस. त्या बी माझीच वाट बघायल्यात."

राणेवहिनींनी त्यांच्या हातातले पेले घेतले आणि विसळायला नेले.

जायच्या आधीच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. दवाखाना जवळजवळ रिकामा होता. बाहेर गल्लीत बाकं मांडली होती, त्यांवर बायका, मागे काही पुरुष, राणेभावजीही. डॉक्टरबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, शेजारी सहा खोकी. "तुमची कार्डं मी कुणाला देऊन जात नाही," त्या म्हणाल्या. "ज्याची त्याला देते. नीट ठेवा. पुढं जिथं जाल तिथं आधी हे दाखवा."

आणि त्या एकेक नाव पुकारू लागल्या. नुसतं नाव. अनसूया. कमल. फातिमा. मालती. एकेक बाई उठायची, जायची, कार्ड घेऊन यायची. त्या गल्लीत आम्ही एकमेकींना पोरांच्या आणि आडनावांच्या हाकेने ओळखत होतो; कितीतरी नावं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. विजया म्हटल्यावर राणेवहिनी उठल्या आणि भावजींनी टाळी वाजवली.

मग शुभांगी. मी उठून कार्ड घेतलं आणि वळले, तोच त्यांनी पुढचं नाव घेतलं.

"शेवंती."

कुणी उठलं नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आमच्या सेक्टरात शेवंती कोणी नव्हती. डॉक्टरबाईंनी पुन्हा हाक मारली नाही. त्या नुसत्या थांबल्या. आणि बाकाच्या टोकावरून सासूबाई उठल्या.

मला त्यांची सून होऊन आठ वर्षं झाली होती. रेशनकार्डावर, हॉस्पिटलच्या कागदांवर, लग्नपत्रिकेत, सगळीकडे त्या सुलोचना होत्या. त्यांच्या स्वतःच्या मुलालाही दुसरं नाव माहीत नव्हतं. इतके दिवस त्या खोक्यात आमची कार्डं एकामागे एक होती आणि मला पत्ता नव्हता.

त्यांनी दोन्ही हातांनी कार्ड घेतलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शेवंतीबाई, दर सहा महिन्यांनी दाखवायचं. विसरायचं नाही."

सासूबाईंनी विचारलं, "कोणाक?"

त्यात तक्रार नव्हती. पत्ता विचारावा तसं विचारलं होतं त्यांनी. डॉक्टरबाई खोक्यात वाकून पुढचं कार्ड शोधू लागल्या. बराच वेळ त्यांना ते सापडेना.

सासूबाई नंतर चौदा वर्षं जगल्या. दर सहा महिन्यांनी मी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेत होते. दर वेळी वेगळे डॉक्टर असत, सगळे आपलं काम नीट करणारे. दर वेळी आम्ही पहिल्यापासून सांगायचो. परत आल्यावर मी त्यांच्या कार्डावर तारीख आणि एक ओळ लिहायचे आणि त्यांना वाचून दाखवायचे. शेवटची ओळही मीच लिहिली.

डॉक्टरबाईंची मला दोन पत्रं आली. पहिल्यात गावाचं, आईचं, एसटीचं. दुसरं लहान होतं : 'तुझं कार्ड तू लिहीत जा. तुला जमेल. फक्त काही नाही असं लिहू नको.' त्यानंतरच्या माझ्या तीन पत्रांना उत्तर आलं नाही. उदगीरकडचं कुणी भेटलं की मी आडनाव सांगून विचारते. अजून कुणाला माहीत नाही.

आता आमच्या भागात दवाखान्यांना तोटा नाही. डॉक्टरणीही आहेत, चांगल्या शिकलेल्या. माझं कार्ड, आता पाच कार्डं टाचलेली, मी पर्समध्ये नेते आणि टेबलावर ठेवते. त्या हसून बाजूला ठेवतात आणि तपासणीचा कागद मागतात. त्यांचंही बरोबर आहे, बाहेर रांग असते.

नवऱ्याच्या साखरेसाठी दर महिन्याला जावं लागतं. तपासणी होते, गोळ्या लिहून होतात, तो उठतो, दाराकडे जातो. मी लगेच उठत नाही. कागद घडी करून पिशवीत घालते, गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा वाचते, पिशवीची चेन लावते. चेन एका खेपेत लागते, तरी मी ती मागे घेऊन परत लावते. मग दारापाशी जाते आणि दाराला हात लावून जरा थांबते.

आतून बेल वाजते. पुढचा पेशंट आत येतो.